आत्याची जीभ

बुटांच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाचं नाक फार दिवस टिकत नाही. तळ चिकटवायचं ते पिवळं सोल्यूशन इतकं उग्र असतं की नवा माणूस सुरुवातीला डोकं धरून बसतो आणि पुढे त्याला त्याचा वासच येईनासा होतो. त्याचा येत नाही म्हटल्यावर मग कशाचाच येत नाही. अशी माणसं जेवायला बसली की समोर आलेलं गुमान गिळतात, असं कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये रांधणाऱ्या आत्याचं ठाम मत होतं. "त्या सोल्यूशननं तुमची नाकं मेलीत," ती वाढता वाढता ऐकवायची. "भुसा उकडून घातला तरी पुन्हा मागाल. तुमच्या वाटची चव मलाच घ्यावी लागते."

आणि ती इमानेइतबारे घ्यायची. एप्रनच्या खिशात तिचा स्वतःचा एक स्टीलचा चमचा असायचा, वापरून वापरून कडेला झिजलेला. डावातला रस्सा त्या चमच्यात ओतायचा, फुंकायचा, जिभेवर घोळवायचा आणि भिंतीकडे बघत जरा वेळ उभं राहायचं. तेवढ्या वेळात तिच्याशी बोलायची कुणाची टाप नव्हती. मग मीठ, नाहीतर लिंबू, नाहीतर नुसतीच मान हलायची. तिच्या जिभेवरून गेल्याशिवाय एकही पातेलं खाली उतरत नसे. तिच्या हातचं खाऊन कुणाचं पोट दुखल्याचं कारखान्यात कुणाला आठवत नव्हतं, आणि आठवलं असतं तरी तिच्यासमोर ते बोलायला कुणी धजावलं नसतं.

ती काही सगळ्यांची आत्या नव्हे. तिचा धाकटा भाऊ त्याच कारखान्याच्या फाटकावर हजेरी घ्यायचा. त्याची मुलगी लहानपणी शाळा सुटली की कॅन्टीनमध्ये येऊन बसायची आणि "आत्या, भूक लागली" म्हणून भोकाड पसरायची. ते ऐकून ऐकून आधी भांडी घासणाऱ्या बायका, मग शिलाईवाले, मग साहेब लोकसुद्धा तिला आत्या म्हणायला लागले. लग्न तिनं केलं नव्हतं. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "एका माणसासाठी एवढंसं रांधायचं, त्यात हात तरी कसा बसणार?"

तीच भाची आता मोठी होऊन नर्सिंग शिकत होती आणि हॉस्पिटल जवळ पडतं म्हणून आत्याच्याच दोन खोल्यांत राहत होती. दोघींचं रोज काही ना काही वाजायचं. भाचीचं म्हणणं, आत्या हट्टी आहे. आत्याचं म्हणणं, भाचीला चहासुद्धा धड जमत नाही. दोघींचंही खरं होतं.

त्या रविवारी भाची सकाळच्या पाळीला गेली होती. इस्त्रीचे कपडे तिच्या कपाटात लावताना आत्याला स्वेटरांच्या मागे एक काचेची बरणी सापडली. आत वाळवलेली मश्रूम होती, करडी, सुरकुतलेली, नखाएवढी. दुसऱ्या एखाद्या बाईच्या मनात आलं असतं, खायची वस्तू कपड्यांत कशाला? आत्याच्या मनात एवढंच आलं, की कार्टीनं महागाची मश्रूम आणली आणि ठेवली कुठे, तर लोकरीत. तिनं एक तुकडा तोंडात टाकला.

चव भयंकर होती. ओल्या पोत्यासारखी, आणि मागून कडू. शहाण्या माणसानं थुंकून बरणी फेकून दिली असती. पण आत्याच्या लेखी वाईट चव म्हणजे कुणाची तरी चूक, आणि चूक म्हटली की ती सुधारता आलीच पाहिजे. तिनं मश्रूम गरम पाण्यात भिजवली आणि ते पाणी चाखलं. कडूच. मीठ घातलं, चाखलं. लिंबू पिळलं, चाखलं. लोण्यावर कांदा परतून त्यात ते सगळं ओतलं, उकळी आणली आणि पुन्हा चाखलं. पोतं जागचं हलेना. भाची घरी आली की तिच्यापुढे झकास सूप ठेवायचं आणि तिचं तोंड बंद करायचं, असा मूळ बेत होता. तो राहिला बाजूला आणि आत्याचं त्या पातेल्याशीच भांडण जुंपलं. "बघते कशी सुधारत नाहीस ते," असं ती चक्क मोठ्यानं म्हणाली. शेवटी हार मानून मोरीत ओतायला गेली, तेव्हा ओतायला फारसं उरलंच नव्हतं. चाखता चाखता तिनंच ते संपवलं होतं.

पहिल्यांदा ओट्यावरच्या फरश्या हलल्या. तिला वाटलं, उपाशीपोटी लोणी खाल्लं म्हणून गरगरतंय. मग टोपलीतले कांदे श्वास घ्यायला लागले, झोपलेल्या मुलांसारखे सावकाश. त्याचं तिला हसू आलं, आणि हसायला गेली तेव्हा लक्षात आलं की आपल्याला तोंडच नाही. तोंड नाही, जीभ नाही. बोटांनी चाचपलं तर ओठ हाताला लागत होते, पण ते दुसऱ्याच कुणाचे तरी होते. आणि समोरच्या भिंतीतून माणसं यायला लागली. कारखान्याचीच असावीत, पण त्यांना डोळे नव्हते, नाकं नव्हती, नुसती उघडी तोंडं होती. तोंडामागे तोंड, सगळी भुकेली, सगळी तिच्याकडे वळलेली. तिच्या हातात डाव नव्हता आणि पातेल्यात काही नव्हतं. आपण मेलोय, असं तिला वाटलं. मेल्यावरसुद्धा वाढायचंच आहे आणि वाढायला काही नाही, या विचारानं ती ओट्याखाली शिरली.

भाची आली तेव्हा आत्या ओट्याखाली भिंतीला पाठ लावून बसली होती, घामानं चिंब. पातेलं, लिंबाच्या साली आणि रिकामी बरणी बघून पोरीला एका नजरेत सगळं कळलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. मैत्रिणींबरोबर एकदा मजा म्हणून तिनं ती आणली होती आणि उरलेली फेकायची राहून गेली होती. पण ती हातपाय गाळून बसली नाही, हे तिच्या बाजूनं सांगायलाच हवं. तिनं सुऱ्या उचलून ठेवल्या, गॅस खालून बंद केला, पडदा ओढला, आत्याची नाडी बघितली आणि आपल्या वॉर्डच्या सिस्टरला फोन लावला. सिस्टरनं सगळं विचारून घेतलं आणि शेवटी विचारलं, "आणली कुणी?"

"मी," भाची म्हणाली.

"त्याचं नंतर बघू. तिला एकटी सोडू नकोस. ताप, झटके, छातीत दुखणं, काहीही दिसलं तर थेट इकडे घेऊन ये."

भाची आत्यासमोर फरशीवर बसली. "आत्या, मी आहे. तू ती मश्रूम खाल्लीस ना, ती नशेची असतात. तुला जे दिसतंय ते सगळं त्यांचं आहे. संध्याकाळपर्यंत उतरेल."

"मला तोंड नाहीये," आत्या म्हणाली.

"मग बोलतंय कोण?"

हे आत्याला क्षणभर पटलं. मग पुन्हा भिंतीतून तोंडं आली आणि तिनं भाचीचं मनगट असं आवळलं की दुसऱ्या दिवशीही तिथे वळ होते. ती रडली. लहान मुलासारखी, नाक न पुसता रडली. साऱ्या कारखान्याला धाकात ठेवणाऱ्या आत्याला भाचीनं असं कधी बघितलं नव्हतं, आणि तिलाही भीती वाटली. पण तिनं ती दाखवली नाही.

"त्यांच्याशी भांडू नकोस," ती परत परत सांगत राहिली. "येऊ दे. येतील आणि जातील."

"मी कुणाशी न भांडता कधी राहिलेय?"

भाची उठली, फ्रिजमधून मटारच्या शेंगांची पिशवी काढली आणि आत्याच्या मांडीवर परात ठेवून तीत ओतली. सिस्टरनं असं काही सांगितलं नव्हतं. लहानपणी आपण कॅन्टीनमध्ये भोकाड पसरलं की आत्या आपल्यापुढे सोलायला शेंगा टाकायची, एवढंच तिला आठवलं होतं.

आत्याच्या अंगठ्याला शेंग कळली. तो बरोबर शिवणीवर बसला, शेंग फुटली, दाणे टपटप परातीत पडले. मग दुसरी शेंग. तोंडं समोर होतीच, पण आता हाताला काम होतं, आणि हाताला काम असलं की आत्या कुणाला ऐकत नसे. "ढकलाढकली करू नका," ती भिंतीकडे बघून म्हणाली. "रांगेत या. रांग लावल्याशिवाय कुणाला काही मिळणार नाही." हसावं की रडावं ते भाचीला कळेना. ती आत्याच्या पावलावर हात ठेवून बसून राहिली. तोंडं काही लगेच रांगेत आली नाहीत. मधे आत्या पुन्हा ढसाढसा रडली, मधे तिनं देवापासून कारखान्याच्या मालकापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. पण पिशवी संपत आली तेव्हा भिंत भिंतीसारखी दिसत होती, कांदे कांद्यांसारखे, आणि पडद्याच्या फटीतून अजून थोडा उजेड येत होता.

"जून आहेत मटार," आत्या अंगठ्याखालचा दाणा दाबून म्हणाली. तेव्हा कुठे भाचीच्या जिवात जीव आला.

झालं ते एवढ्यावर निभावलं असतं, पण भाऊ मधे पडला. भाऊ मनानं चांगला, पण भित्रा. लेकीनं त्याला फोनवर खरं ते सांगितलं आणि त्याची पाचावर धारण बसली. पोरीचं शिक्षण जाईल, चार लोकांत छी थू होईल. सोमवारी आत्याच्यानं उठवलंच नाही. फाटकावर जो तो विचारायला लागला, आज आत्या कुठे? तेव्हा भावानं सांगून टाकलं, "खाण्यातून काहीतरी बाधलं. घरचंच."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत कारखानाभर झालं, की आत्याला तिच्याच हातचं बाधलं.

मंगळवारी ती कामावर आली आणि हे कानावर पडताच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एप्रन तसाच खांद्यावर टाकून ती फाटकावर गेली. "जिन्यावरून पडले म्हणून सांगायचं होतंस. वेड लागलं म्हणून सांगितलं असतंस तरी मी ऐकून घेतलं असतं. पण माझ्याच हातचं बाधलं?"

"ताई, हळू बोल," भाऊ म्हणाला. "पोरीचा तरी विचार कर."

"पोरीचा विचार तू करू नकोस. तुझ्यापेक्षा धीट आहे ती."

पण बोललेलं परत घेता येत नाही. दुपारची रांग निम्म्यावर आली. कुणी घरून डबे आणले, कुणी नुसता पाव उचलून टेबलाकडे वळले. तळ चिकटवणाऱ्यांपैकी एक जण ताट पुढे करत म्हणाला, "आत्या, विमा काढून आलोय, वाढा बिनधास्त." मागचे चार जण हसले. एरवी आत्यानं त्याची खरडपट्टी काढली असती. त्या दिवशी तिनं नुसतं वाढलं.

कारण त्याहून वाईट गोष्ट तिला एकटीलाच ठाऊक होती. सकाळी पातेल्यावरचं झाकण उचललं, वाफेचा लोट अंगावर आला आणि वाफेच्या पलीकडे भांडी घासणाऱ्या बाईनं जांभई दिली. ते उघडं तोंड बघून आत्याला भिंतीतली तोंडं आठवली. फरश्या हलतील, आता हलतील, असं वाटायला लागलं. हलल्या नाहीत, पण चमचा हनुवटीपर्यंत आला आणि तिथेच अडला. ओठ त्याला आत घेईनात. शेवटी ती म्हणाली, "ढवळ्या, जरा चव बघ रे."

ढवळ्या तिचा हाताखालचा माणूस, चाळिशीचा, कामाला बैलासारखा. पातेल्यात काहीही असो, तो ढवळत सुटायचा, म्हणून त्याचं नाव ढवळ्या. इतक्या वर्षांत आत्यानं त्याला चव बघायला सांगितलं नव्हतं. तो इतका दचकला की त्यानं डाव तोंडाला लावला आणि कसलाही विचार न करता म्हणाला, "झकास." दुसऱ्या दिवशीही झकास. तिसऱ्या दिवशीही झकास. त्याला सगळंच झकास लागायचं.

"असं होतं कधीकधी," भाची संध्याकाळी म्हणाली. "मधूनच भीती परत येते. जाते हळूहळू. आमच्याकडे एक डॉक्टर आहेत, त्यांच्याशी बोल एकदा."

"डॉक्टर काय माझं मीठ बघणार आहेत?"

"आत्या."

"बरं, जाईन," आत्या म्हणाली, आणि तिनं इतकं मुकाट ऐकलं याचीच भाचीला जास्त काळजी वाटली. "पण आधी मला माझा चमचा तोंडात घालता आला पाहिजे. तो नाही गेला तर मी कोण? ढवळ्या माझ्यापेक्षा बरा, तो निदान ढवळतो तरी."

गुरुवारी कॅन्टीनच्या साहेबांनी तिला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, बोलताना त्याचीच नजर खाली होती. "आत्या, लोक जेवायला येत नाहीत. मी तरी काय करू? सोमवारपासून पातेलं ढवळ्याकडे देऊ. तुम्ही कोठीत बसा, ताटं-वाट्या बघा. जरा विश्रांती मिळेल."

"उद्याचं जेवण माझं ना?"

"उद्याचं तुमचंच."

"मग बास," आत्या म्हणाली आणि उठली.

रात्रभर तिला नीट झोप लागली नाही. सकाळी भाची निघताना दारात थांबली. "सिस्टरांना मी सगळं सांगितलंय. जे ऐकवायचं ते ऐकवलं त्यांनी, जादा पाळ्याही लावल्यात. बाबा काहीही म्हणोत, तू माझ्यासाठी खोटं सोसू नकोस."

"तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही."

"नाव घे म्हणत नाहीये मी. लपू नकोस म्हणतेय."

बाजारात जाऊन आत्यानं टोपलीभर मश्रूम घेतली, साधी, पांढरी, कुणीही घरी नेतात तसली. कॅन्टीनमध्ये तिनं ती टेबलावर ओतली तेव्हा ढवळ्याचा डाव जागच्या जागी थांबला.

"आत्या, आजच मश्रूम?"

"आजच."

"मला वाटतं, बटाटा..."

"तुला वाटायला लागलं का? चिर ती."

बातमी फाटकापर्यंत गेली आणि भाऊ धापा टाकत आला. "ताई, काय चालवलंयस?"

"रस्सा," आत्या म्हणाली.

जेवणाचा भोंगा झाला. रांग होती बेताचीच, पण डबे घेऊन आलेले, पाव कुरतडणारे, सगळे टेबलांवर बसले होते. साहेबही दारात येऊन उभे राहिले. आत्यानं पातेलं ढवळ्याला उचलू दिलं नाही, आपल्या हातानं सरकवत पुढे आणलं आणि वाढायच्या खिडकीच्या बाहेर येऊन उभी राहिली.

"ऐका," ती म्हणाली. आवाज चढवावा लागला नाही. "मला जेवण बाधलेलं नाही. मी नशेची मश्रूम खाल्ली. ठाऊक नव्हतं म्हणून खाल्ली, आणि ठाऊक नसताना हट्टानं सगळी खाल्ली. कुणाची होती ते विचारू नका, सांगणार नाही. मला जे दिसलं ते सांगितलं तर तुमच्या घशाखाली घास उतरणार नाही. मी घाबरले. ओट्याखाली बसून रडले. हसायचं त्यानं आत्ता हसून घ्या." कुणी हसलं नाही. भावानं कपाळाला हात लावला होता. "पण माझ्या हातचं कुणाला बाधलं, असं ज्याला म्हणायचंय त्यानं इथे येऊन माझ्या तोंडावर म्हणावं. आजही मश्रूमच केलीत. पहिला घास माझा."

तिनं झाकण उचललं. वाफ आली. वाफेपलीकडे रांग होती, आणि रांगेत तोंडं होती, काही भुकेली, काही आ वासलेली. चमचा हनुवटीपर्यंत आला आणि अडला.

आत्यानं डावा हात एप्रनच्या खिशात घातला. तिथे सकाळी टाकलेल्या मटारच्या शेंगा होत्या. अंगठा शिवणीवर बसला. शेंग फुटल्याचं कुणाला ऐकू गेलं नाही, दाणे खिशातच सांडले. मग दुसरी शेंग. तोंडं समोरच होती, आणि ती असणारच होती, कारण ती जेवायला आली होती. या विचाराबरोबर चमचा आत गेला.

ती भिंतीकडे बघत उभी राहिली.

"मीठ कमी आहे," आत्या म्हणाली.

"आठवडाभर कमीच आहे, आत्या," रांगेतून कुणीतरी म्हणालं.

सगळ्यात पुढे उभा असलेला, चामडं शिवणारा म्हातारा कारागीर होता तो. मागे दोघा-तिघांनी माना हलवल्या. ढवळ्या छताकडे बघायला लागला.

"तुम्हाला काय कळतंय?" आत्या म्हणाली. "तुमची नाकं मेलीत."

"नाक मेलंय," म्हातारा म्हणाला. "जीभ नाही."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही चमचा तोंडाला लावत नव्हता, ते दिसत होतं. म्हटलं, लावाल तेव्हा तुमचं तुम्हालाच कळेल."

आत्यानं त्याच्याकडे, त्याच्या मागच्यांकडे बघितलं. इतकी वर्षं ती यांच्या वाटची चव घेत आली होती, आणि तेही तिला तितकंच ओळखून होते. आठवडाभर अळणी गिळून ही माणसं तिची वाट बघत रांगेत उभी होती. तिला रडू आलं, आणि ते तिनं वाफेच्या नावावर खपवलं. टेबलाकडचा तो विमावाला उठला आणि डबा तिथेच ठेवून रांगेच्या शेवटी गेला. साहेबांनीही एक ताट उचललं आणि त्याच्या मागे उभे राहिले.

आत्यानं मूठभर मीठ टाकलं, ढवळलं, चमच्यात घेतलं, फुंकलं, चाखलं. भिंतीकडे बघितलं आणि मान हलवली.

"या आता," ती म्हणाली. "रांगेत."